आजार सांग, नातं तुमच्यापाशी ठेव

पत्र

मी २० वर्षांचा, कळव्याला राहतो, टीवायला आहे. तो १९ चा, ऐरोलीचा, त्याच कॉलेजात एसवायला. दीड वर्ष झालं आम्हाला. गणपतीच्या सुट्टीत कोणीतरी त्याच्या फोनमधून आमच्या चॅटचे स्क्रीनशॉट काढले आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकले. तेव्हापासून त्याला बायल्या, छक्का म्हणतात, बेंचवर लिहून ठेवतात, कँटीनमध्ये शेजारी बसत नाहीत. एक जण ५ हजार मागतोय, नाहीतर तुझ्या बाबांना पाठवीन म्हणतो. दोन महिने तो कॉलेजला आलेला नाही. दुपारी तीनपर्यंत अंथरुणात, आंघोळ नाही, माझ्या मेसेजला नुसतं ‘हं’. गेल्या रविवारी रात्री दोनला म्हणाला, मी नसतोच तर सगळ्यांचं बरं झालं असतं. कोणाला सांगितलंस तर तुला माझी शपथ आहे, असंही म्हणालाय. मी फोन छातीवर ठेवून झोपतो. काकूंना सांगू का? त्यांच्यासाठी मी फक्त मित्र आहे. त्याची एक ताई आहे, लग्न होऊन डोंबिवलीला असते. कधी कधी सगळं सोडून द्यावंसं वाटतं आणि मग स्वतःचीच लाज वाटते.
— निनावी, कळवा

उत्तर

मित्रा,

तुझ्याकडे दोन गुपितं आहेत आणि भीतीपोटी तू ती एकाच गाठोड्यात बांधली आहेस. एक, तो आणि तू एकमेकांवर प्रेम करता. दुसरं, तो आजारी आहे आणि त्याच्या जिवाला धोका असू शकतो. पहिलं गुपित त्याचं आणि तुझं आहे. ते कधी, कोणाला, किती सांगायचं हे तुम्ही दोघांनी ठरवायचं. दुसरं मात्र गुपित ठेवायची गोष्टच नाही. पहिल्याबद्दल एक अक्षर न बोलता दुसरं सांगता येतं. पुढचं सगळं उत्तर या एका गोष्टीभोवती आहे.

आधी आज रात्रीचं. ‘मी नसतोच तर’ हे वाक्य ऐकून तू विषय बदलला असशील किंवा ‘असं बोलू नकोस ना’ म्हणाला असशील. जवळची माणसं तेच करतात. पण आता त्याला सरळ विचार. आत्महत्येबद्दल विचारल्याने डोक्यात नसलेला विचार येतो, ही समजूत चुकीची आहे. उलट कोणीतरी न घाबरता विचारलं म्हणून माणूस जरा सैल होतो. शब्दही सरळच असू देत: ‘तुला जीव द्यावासा वाटतो का?’ उत्तर हो आलं तर लगेच पुढचे दोन प्रश्न: ‘कसं करायचं ते ठरवलंयस का?’ आणि ‘कधी?’ नुसतं ‘जगण्यात अर्थ वाटत नाही’ असेल तर या आठवड्यात डॉक्टर. कसं करायचं ते ठरलेलं असेल तर आज किंवा उद्या डॉक्टर, आणि घरातल्या एकाला आजच कल्पना. कसं आणि कधी दोन्ही ठरलेलं असेल, वस्तू हाताशी असेल, तर थांबायचं नाही: त्याच्या घरच्यांना फोन, १०८ किंवा ११२, आणि त्याला एकटं सोडायचं नाही. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात आणि वाशीच्या महापालिका रुग्णालयात रात्रीही तातडीचा विभाग चालू असतो. दवाखान्यात नेलं तर पोलीस केस होईल या भीतीने लोक मौल्यवान तास घालवतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ११५ नुसार असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच गृहीत धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही. रुग्णालय पोलिसांना कळवेल, कोणीतरी जबाब घ्यायला येईल, एवढंच.

आता शपथेचं. ती मोडायची, पण त्याच्या पाठीमागून नाही. त्याला आधी सांग: ‘आपल्या दोघांचं कोणाला सांगणार नाही, ही माझी शपथ. पण तुझ्या जिवाचं असेल तर मी सांगणार. तू चिडलास तरी चालेल.’ तो चिडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. तरीही हे आधी बोललेलं असलं की पुढे त्याला फसवल्यासारखं वाटत नाही.

काकूंना थेट सांगण्याआधी ताईचा विचार कर. आईवडिलांची भीती वाटते अशा घरात बहुतेकदा थोरली बहीण किंवा एखादी मावशी हा मधला दरवाजा असतो. ताई घर ओळखते, बाबा कधी भडकतात ते तिला ठाऊक आहे, आणि लग्न होऊन बाहेर असल्याने तिच्या शब्दाला घरात वेगळं वजन आहे. कोणाला सांगायचं ते त्यालाच निवडू दे: ‘ताई की काकू, दोघींतली एक सांग.’ प्रश्न सांगायचं की नाही असा ठेवलास तर उत्तर नाहीच येईल.

सांगताना शब्द मोजके ठेव, आजाराचे आणि दिसणारे: ‘ताई, तो दोन महिने दुपारपर्यंत अंथरुणातच असतो, आंघोळ करत नाही, कॉलेजला येत नाही. कॉलेजात काही मुलं त्याला खूप त्रास देतात. रविवारी रात्री तो म्हणाला की मी नसतो तर बरं झालं असतं. मला त्याच्या जिवाची भीती वाटते. या आठवड्यात त्याला मनोविकार डॉक्टरांकडे न्यायला हवं. मी सोबत येतो.’ यात खोटं काही नाही आणि तुमच्याबद्दल काहीही नाही. यावर प्रश्न येणारच, मुलीचं काही आहे का? तिथे ‘हो, एका मुलीने नाही म्हटलं’ असली सोयीची थाप मारू नकोस. त्या मुलीचं नाव, कॉलेज, आईवडील सगळं विचारलं जाईल आणि पुढे डॉक्टरांसमोर त्याला तीच थाप निभवावी लागेल. ‘ते तो बरा झाला की स्वतः सांगेल, आत्ता डॉक्टर महत्त्वाचे’ हे उत्तर पुरेसं आहे. तेच वाक्य दोनदा, तीनदा म्हण.

घरी कळल्यावर काय बिघडू शकतं याचीही तयारी हवी. नजर काढणं, अंगारा यात दोन-चार दिवस जातील, त्यावर वाद घालू नकोस. डॉक्टरची वेळ ठरलेली असली की तेही चालू दे आणि हेही. खरी अडचण फोनची. ‘सगळं या मोबाइलमुळे’ म्हणून फोन काढून घेतात, आणि तुझा नंबर, मदतीचे नंबर, पुरावे सगळं त्यात असतं. म्हणून नंबर कागदावर लिहून त्याच्या पाकिटात असू देत.

त्या कागदावर नुसते नंबर नको. मानसोपचारातले लोक याला सुरक्षा योजना म्हणतात. जीव द्यावासा वाटण्याची लाट टोकाला असते ती बऱ्याचदा थोडाच वेळ, आणि त्या वेळात डोकं नवं काही सुचू देत नाही. म्हणून सुचायचं ते आधी लिहून ठेवायचं. दुपारच्या वेळी, तो त्यातल्या त्यात बरा असताना, २०-३० मिनिटं दोघं बसा. लिहील तो, त्याच्या शब्दांत. सगळ्यात वर: लाट येतेय हे कशावरून कळतं (दार लावून घेतो, तेच स्क्रीनशॉट पुन्हा पुन्हा उघडतो). मग एकट्याने करता येतील अशा दोन-तीन गोष्टी: गार पाण्याने तोंड धुणं, ठरलेलं एक गाणं, खाली जाऊन चहा. मग माणसं असलेली जागा: सोसायटीचं आवार, कोपऱ्यावरची टपरी, ताईचं घर. येऊरचं जंगल किंवा खाडीकाठ नको, एकांत या दिवसांत मदत करत नाही. मग फोन करायची तीन नावं, तू त्यातला एकच. मग टेलिमानस ही सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. शेवटी घर सुरक्षित करणं: घरातली औषधं आणि ज्याने तो स्वतःला इजा करून घेऊ शकेल असं सगळं कुलपात, किल्ली त्याच्याकडे नाही. हे शेवटचं काम ताई किंवा काकूच करू शकतात. नुसत्या मित्राच्या जोरावर हे निभणार नाही ते इथेच कळतं.

डॉक्टर. झोप, भूक, आंघोळ, कशातच रस नसणं, सगळ्यांवर आपण ओझं आहोत असं वाटणं: हे दोन आठवड्यांहून जास्त, जवळजवळ रोज असेल तर त्याला नैराश्य म्हणतात आणि त्यावर उपचार आहेत. तो १८ च्या वर आहे, ओपीडीत एकटा जाऊ शकतो, पालकांची सही लागत नाही. कळवा आणि वाशीची महापालिका रुग्णालयं जवळ आहेत. ओळखीचं कोणी भेटेल अशी धास्ती असेल तर मुंबईतल्या सायन किंवा केईएम रुग्णालयात जा. सरकारी ओपीडी सकाळची असते, केसपेपरच्या रांगेसाठी लवकर पोहोच, आणि सोबत तू असशील तर तो अर्ध्या रांगेतून परत फिरणार नाही. ठाण्याचं प्रादेशिक मनोरुग्णालय १९०१ पासून आहे, तिथेही बाह्यरुग्ण विभाग आहे. ‘ठाण्याला पाठवा याला’ हे आपल्याकडे शिवीसारखं वापरतात, त्यामुळे ते नाव काढलं की तो बिचकेल. पण तिथे पाऊल टाकणं म्हणजे दाखल होणं नव्हे. रोज कितीतरी लोक गोळ्या घेऊन घरी जातात.

आपण गे आहोत हे त्याने डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे असं नाही. सांगितलं तर उपचार नेमके होतात, कारण निम्मं दुखणं कॉलेजातल्या छळाचं आहे. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३ रुग्णाची माहिती गोपनीय ठेवायला सांगतं, आणि कलम १८ नुसार लैंगिक कलावरून उपचारात भेदभाव करता येत नाही. खासगी डॉक्टर असेल तर नाव न सांगता आधी फोन करून विचार: ‘समलिंगी मुलगा आहे, नैराश्य आहे, तुम्ही नैराश्यावर उपचार कराल ना?’ उत्तरात ‘बदलता येईल’, ‘हार्मोन’, ‘लग्न’ यातला एक शब्द जरी आला तरी फोन ठेव. समलिंगी असणं जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीतून १९९० मध्येच निघालं, आणि ‘बदलण्याचे’ उपचार करणं हे डॉक्टरचं व्यावसायिक गैरवर्तन असल्याचं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलं आहे. घरच्यांनी कुणाकडे न्यायचं ठरवलं तर हे तुला माहीत असायला हवं.

गोळ्या सुरू झाल्या तर पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकेदुखी, थोडी बेचैनी होऊ शकते. फरक पडायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात आणि मुलं नेमकी दहाव्या दिवशी ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडतात. बरं वाटल्यावरही डॉक्टर निदान सहा महिने चालू ठेवायला सांगतात. एकदम बंद केल्या तर चक्कर, चिडचिड, झोप उडणं होतं. एक गोष्ट ताईला नक्की सांग: २५ वर्षांखालच्या काहींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत किंवा डोस बदलताना अस्वस्थता आणि जीव देण्याचे विचार वाढू शकतात. याचा अर्थ गोळ्या नकोत असा नाही, त्या दिवसांत लक्ष जास्त ठेवायचं आणि असं दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. गोळ्यांची पाकिटंही ताई किंवा काकूंकडेच असू देत. दारू या काळात अजिबात नको, ती रात्र आणखी काळी करते.

आता तुमच्या दोघांतलं, कारण ‘हं’ हा शब्द तुला किती लागलाय ते पत्रात दिसतं. ते नैराश्याचं उत्तर आहे, तुझ्यावरचं प्रेम आटल्याचं नाही. बोलावंसं, भेटावंसं, स्पर्श करावासा वाटणं या आजारात मावळतं. काही गोळ्यांनी शारीरिक इच्छा आणखी कमी होते. तसं झालं तर त्याने डॉक्टरांना सांगावं, गोळी किंवा डोस बदलता येतो. ‘तू माझ्याशी बोलतच नाहीस’ हे वाक्य काही महिने बाजूला ठेव. ‘काही लागलं तर सांग’ हेही ठेव, कारण काय लागतं हे त्यालाच कळत नाहीये. त्याऐवजी छोटं, ठरलेलं माग: ‘उद्या चारला ऐरोली स्टेशनला उतरतो, तू खाली ये, १० मिनिटं चालू, मग मी जातो.’ आला तर १० मिनिटांनी खरंच जा, म्हणजे पुढच्या वेळी त्याला यायची भीती वाटणार नाही. नाही आला तर रागावू नकोस, परवा पुन्हा चार. हे लाड नव्हेत. मनाला हुरूप येईल तेव्हा शरीर हलवू, असं नैराश्यात होत नाही. आधी शरीर थोडं हलतं, मग मन.

पाच हजारवाला. एक रुपया द्यायचा नाही. पैसे दिलेल्याकडे लोक पुन्हा येतात आणि दुसऱ्या वेळी आकडा मोठा असतो. त्याच्याशी भांडायचं नाही, ब्लॉक करायचं नाही, आधी पुरावा घ्यायचा. स्क्रीनशॉटमध्ये सेव्ह केलेलं नाव दिसून उपयोग नाही, नंबर दिसला पाहिजे. म्हणून प्रोफाइल उघडून नंबरासकट वेगळा स्क्रीनशॉट, मग तारीख-वेळ दिसेल असे मेसेज, मग वर्गाच्या ग्रुपचं नाव आणि सदस्यांची यादी. ‘एक्स्पोर्ट चॅट’ करून स्वतःच्या ईमेलवर. बेंचवर लिहिलेल्याचे फोटो तारखेसह. मुलं रागात ग्रुप सोडतात, चॅट पुसतात आणि मग हातात काही उरत नाही. त्याने आधीच ग्रुप सोडला असेल तर वर्गातल्या एखाद्या भल्या मुलीला किंवा मुलाला सांगून मिळव. सगळ्या वर्गात एक तरी असतं. उघडे फोटो बाहेर जायची भीती असेल तर ‘स्टॉप एनसीआयआय’ या मोफत सेवेत, फोटो कुठेही न पाठवता, फोनवरच त्याचा ठसा तयार करून मोठ्या समाजमाध्यमांना ते रोखायला सांगता येतं.

उद्या तो ‘पोलिसांना सांगेन तुमचं’ म्हणाला, तर ती धमकी पोकळ आहे. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधल्या संमतीच्या संबंधांना, समलिंगी संबंध गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून बाहेर काढलं, आणि १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलमच नाही. गुन्हा तो करतोय: बदनामीची भीती घालून पैसे मागणं ही खंडणी, संहितेचं कलम ३०८, सात वर्षांपर्यंत शिक्षा. तक्रार सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर करता येते. पैसे आधीच गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन. ऐरोली नवी मुंबई आयुक्तालयात आणि कळवा ठाणे आयुक्तालयात येतं, त्यावरून ‘आमच्या हद्दीत नाही’ ऐकावं लागेल. तेव्हा ‘झिरो एफआयआर घ्या’ म्हणायचं, तो कुठल्याही ठाण्याला नोंदवावा लागतो. मात्र हे लक्षात ठेव: पोलिसांत गेल्यावर घरी कळण्याची शक्यता बरीच आहे. म्हणून पुरावे आज, तक्रार तो थोडा सावरल्यावर आणि त्याच्या होकाराने. तोपर्यंत त्या मुलाला एकच ओळ पाठवायची: ‘तुझे सगळे मेसेज जपून ठेवले आहेत. पुन्हा पैसे मागितलेस तर खंडणीची तक्रार होईल.’ त्यानंतर उत्तर देणं बंद.

तरीही तो बाबांना पाठवू शकतो, ही शक्यता तुमच्यापासून आम्ही लपवणार नाही. म्हणून त्या दिवशी तो कुठे जाईल हे आज ठरवा. ताईकडे दोन-तीन दिवस राहता येईल का? कपड्यांचा एक जोड, आधार कार्ड, मार्कशीटच्या प्रती, गोळ्यांची चिठ्ठी आणि थोडे पैसे एका बॅगेत असू देत.

कॉलेज. रॅगिंग म्हणजे सीनियरनी ज्युनियरला छळणं एवढंच नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांत २०१६ मध्ये भर पडली आणि लैंगिक कलाच्या कारणावरून केलेला छळ, धमकावणं, वाळीत टाकणं हेही रॅगिंगमध्ये आलं. तक्रार रॅगिंगविरोधी समितीकडे लेखी द्यायची, पोचेचा शिक्का घ्यायचा. कॉलेज ढकलाढकल करू लागलं तर १८००-१८०-५५२२ ही चोवीस तासांची हेल्पलाइन आहे. तक्रारीत स्वतःबद्दल कबुली द्यायची गरज नाही. ‘अमुक तारखांना खालील विद्यार्थ्यांनी लैंगिक कलाचा उल्लेख करून मला शिवीगाळ केली, माझे खासगी संदेश परवानगीशिवाय पसरवले’ एवढं पुरतं. तू गे आहेस का, असं समितीत कोणी विचारलं तर ‘त्याचा तक्रारीशी संबंध नाही’ म्हणायचं. सहसा बिघडतं ते दोन ठिकाणी: ‘आपसात मिटवा’ म्हणून सगळ्यांना एका खोलीत बसवतात, किंवा आधी पालकांना बोलावतात. म्हणून अर्जातच लिहा की समोरासमोर बसवू नये आणि पालकांशी बोलण्याआधी मला विचारावं. या दुसऱ्या गोष्टीची खात्री देता येत नाही, त्यामुळे हा अर्ज ताईला आजाराचं सांगून झाल्यावरच. ७५ टक्के हजेरीचा प्रश्न उरतोच. मनोविकार डॉक्टरांकडून ‘उपचार चालू आहेत’ एवढंच लिहिलेलं प्रमाणपत्र घेऊन सत्र संपायच्या आत द्या. एखादं सत्र गेलंच तर जाऊ दे.

आणि तू. सोडून द्यावंसं वाटतं याची लाज वाटून घेऊ नकोस, दोन महिने झोप नसलेल्या कोणालाही ते वाटेल. तुला त्याच्यापासून वेगळं व्हायचा हक्क आहे, तो आजारी असला तरी. तुझ्या जाण्याने त्याचं काही झालं तर त्याला तू जबाबदार, हे खरं नाही. फक्त व्हायचंच असेल तर त्याच्याभोवती ताई आणि डॉक्टर आल्यानंतर, दिवसाउजेडी, समोर बसून. आणि व्हायचं नसेल तर पहारा वाटून घे. रात्री ११ ते ६ फोन बंद, आणि हे त्याला आधी सांगितलेलं: ‘या वेळात ताई आणि १४४१६.’ टेलिमानसला तूही फोन करू शकतोस, तो फक्त जीव द्यायला निघालेल्यांसाठी नाही. मुंबईत हमसफर ट्रस्ट १९९४ पासून काम करतो, तिथे आपल्यासारख्या तरुण मुलांचे गट आहेत. पुढे कधी ताईला पहिलं गुपितही सांगायची वेळ आली, तर ‘स्वीकार’ हा अशा मुलांच्या आईवडिलांचा गट आहे. घरच्यांशी घरच्यांच्या भाषेत बोलणारं कोणी लागलं की त्यांचा उपयोग होतो.

ताईला फोन दुपारी कर. डोंबिवलीहून तिला त्याच संध्याकाळी ऐरोलीला पोहोचता येईल. त्याआधी, आज रात्री, तो एक प्रश्न विचार.